कशालाच न जोडलेली पट्टी

अहो ओत्सुबोसान, राग कसला त्यात! गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कायम कमीच वाटतो. पायाशी ठेवलेल्या स्पीकरात तुमचा आवाज वाढवायचा ना? ही बघा, टॅबलेटवरची पट्टी सरकवली वर. बोला माइकमध्ये. — आता? बरं वाटतंय? वाटतंय म्हणताय! मग बसा जरा. तुमचे ड्रमवाले साहेब ऑफिसातून सुटून कोएन्जीला, आमच्या या बारमध्ये पोचेपर्यंत वेळ आहे, आणि आमची ही बर्फ आणायला गेलीय — ती नाहीये तोवर सांगूनच टाकतो.

ती पट्टी कशालाच जोडलेली नाही.

हसा, हसा. चाळीस वर्षं हेच केलंय मी. आमचा जुना साउंड-मिक्सर — आत आणायला चार माणसं लागली होती — त्याच्या शेवटच्या पट्टीला वायरच नव्हती. गायक फार कटकट करायला लागला, की मी कपाळाला आठ्या घालून ती पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी वर करायचो, आणि तो डोळे मिटून म्हणायचा, ‘हां, आता कसं!’ सगळेच साउंडवाले करतात हो, मी जरा जास्त पटाईत, एवढंच. मग हा डिजिटल मिक्सर घेतला. जेवणाच्या डब्याएवढा, स्टेजखाली पडून असतो, जे काय करायचं ते टॅबलेट नाहीतर मोबाइलवरून. मी म्हटलं, डब्याला काय कळतंय, कान माझे आहेत! कान — ड्रमवरच्या झांजा मला हल्ली नुसत्या दिसतात, ऐकू येत नाहीत — हे बोलायचं नव्हतं खरं तर. सोडा. पण लोक येऊन सांगायचे — साउंडवाल्याला इथे ‘पीएसान’च म्हणतात — ‘पीएसान, या वसंतापासून आवाज काय लागतोय हो तुमच्याकडे!’ मी वाकून आभार मानायचो, आणि आतून बेडकासारखा फुगायचो.

आणि मागच्या शनिवारी — गाणं ऐन रंगात, ड्रम फार होतोय, मी पट्टीला बोट लावतो तर टॅबलेट काळा! चार्जिंग संपलेलं. माझं धाबं दणाणलं. आणि ड्रम आपोआप खाली आला. वळून बघतो, तर काउंटरवर ही — एका हातानं बिअर ओततेय, दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलवर, मान वाकडी करून ऐकतेय. कार्यक्रम संपल्यावर टॅबलेट चार्जिंगला लावला आणि चष्मा घालून बघितला. कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं: ‘मिक्सर जोडलेला नाही.’ एप्रिलात वायफायचा पासवर्ड बदलला होता, तो घालायला मीच विसरलेलो! सहा महिने नुसत्या काचेवर बोटं फिरवत होतो, तीही घाम पुसत पुसत.

तिला बोललो का? छे! तिला वाटतं, मला पत्ताच नाही. सांगितलं तर तिला या खुर्चीत बसवावं लागेल — आणि मी काय करू, बिअर ओतू? मला फेससुद्धा जमत नाही. — नाही, भीती वाटते हो. इथे माझं नाव कुणाला माहीत नाही, सगळ्यांचा मी पीएसान. खुर्ची गेली की तीही हाक गेली. मी गायकांना पट्टी दाखवायचो ती ब्याद टाळायला. ही मात्र माझ्यासाठी सहा महिने दोन-दोन कामं — जाऊ दे.

दार वाजलं. आली! उठा, माइकपाशी जा, आणि यातलं अवाक्षर काढू नका. — हं, ओत्सुबोसान! काय म्हणालात, तुमचा आवाज वाढवू? मोठ्यानं सांगा. आणखी मोठ्यानं — काउंटरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!