चौथी चंद्रा

“चंद्रा? बया, हे तर तमाशातल्या बाईचं नाव! आजच बदला, न्हायतर गाव हसंल.” लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्यासासूबाई माजघरात बोलल्या आणि दाराआड मी ते ऐकलं, बरं का.

आमच्या इंदापुरात सुनेचं नाव बदलायची रीतच. ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीनं ‘लक्ष्मी’ लिहायला हे बसलेही होते. मला मात्र वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव सोडवेना.

सासूबाई म्हणाल्या, “वन्सं, बारामतीची सुईणबी चंद्राच की. तुमची समदी पोरं तिच्याच हातची.”

“ती येगळी!”

“आन् पोरींच्या शाळंतल्या मास्तरीणबाई?” ओसरीवरून मामंजी म्हणाले. “त्याबी चंद्राबाईच. मामलेदार वाकून नमस्कार करतो त्यास्नी.”

“पर लोकांस्नी तमाशातलीच आठवंल!”

यांनी अंगठी तांदळावर टेकवली. त्या घरानं माझा आवाज अजून ऐकला नव्हता. मी म्हणाले, “आत्याबाई, फडात, बाळंतिणीच्या खोलीत, शाळेत, सगळीकडं चंद्राच गाजली. आता एक तुमच्या घरात आलीय. ती कशात गाजते ते बघायचं असेल, तर नाव तेवढं राहू द्या.”