उदबत्तीची राख पडलेलं पपनस

एक होती सासू, एक होती सून. सासू म्हणजे मी, सून आमची सुजाता, आणि घर ऑकलंडात, माउंट वेलिंग्टनला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर सुजाताला दिवस गेले, पण पोरीच्या पोटात पाणी टिकेना. डॉक्टरीण म्हणाली, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल.

शेजारच्या लानबाई व्हिएतनामच्या, माझ्याच वयाच्या. एक दिवस लेकीला घेऊन ताट भरून आल्या. कैरी, कच्चा पेरू, पपनसाच्या फोडी, केसाळ लिच्या आणि वाटीत मीठ-तिखट. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पण बघते तर पपनसावर उदबत्तीची राख.

सुजातानं इंग्रजीत विचारलं. लेक म्हणाली, "माझ्या वडलांच्या फोटोपुढचं आहे. ते मागच्या वर्षी गेले."

मी ताट मागं सारलं. "गेलेल्या माणसापुढचं पोटुशीला नको गं."

"आई, हे मी त्यांना कसं सांगू?"

"आहे तसं सांग."

सांगितलं. लानबाई रागावल्या नाहीत. बोटानं राख पुसत काहीतरी बोलल्या, ते लेकीनं सांगितलं, "आई म्हणते, आमच्यात पहिलं फळ गेलेल्याला, दुसरं येणाऱ्याला. उरलं तर आपण खायचं."

आमचे हे गेले तेव्हापासून मीही त्यांच्यापुढं पान वाढते. ते काय नातवंडाचं वाईट चिंततील?

कैरीची फोड तिखटात बुडवून मीच सुजाताला भरवली. ती फोड पोटात राहिली. मग रोज ताट येत गेलं, आणि थंडी सरता सरता नातीला पहिली आंघोळ आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी मिळून घातली.