खिडकीची टेप

आमच्या झुबेदापुढे क्षेपणास्त्राचंसुद्धा काही चालत नाही, हे मी आखाती युद्धात रियाधला बघितलंय. विषारी गॅस आत येऊ नये म्हणून जो तो घरातली एक खोली टेपने बंद करून बसलेला, त्यामुळे बाजारातली टेप खलास!

आमचे शेजारी उस्मानभाई सुदानचे. त्यांनी आपल्या खेड्यात वाचनालय काढलं होतं. घाईघाईने मायदेशी पळालेल्यांची पुस्तकं आम्ही त्यासाठी गोळा केली. ट्रक सकाळी जेद्दाच्या बंदराकडे निघणार आणि खोके उघडेच.

"दोरीने बांधू," मी म्हटलं.

"म्हणजे अर्धी पुस्तकं वाटेतच सांडायची!" असं म्हणत ही खिडकीवरचीच टेप टराटरा ओढायला लागली.

उस्मानभाई हादरले. "भाभी, गॅस आला तर?"

"गॅसचं अल्लाला ठाऊक. ट्रक मात्र सकाळी नक्की जाणार."

शेवटचा खोका बंद झाला आणि भोंगा वाजला. उघड्या फटींच्या त्या खोलीत आम्ही तिघं खोक्यांना टेकून दुआ पुटपुटत बसलो. मध्येच झुबेदा थांबली.

"उस्मानभाई, गावाचं नाव खोक्यांवर चारी बाजूंनी घातलंत ना? आपलं काही झालं, तरी ट्रकवाल्याला वाचता यायला हवं."