चाखल्याची सही

[कुंभकोणमच्या एका सरकारी कचेरीचा व्हरांडा. सकाळचे साडेदहा. बाकावर सुंदरी आणि तिचा धाकटा भाऊ तुकोजी.]

सुंदरी: परत एकदा सांग. अकराला आत चौकशीला बोलावतील. काय म्हणशील?

तुकोजी: सांगितलं की, अक्का. वंडी बंद पडली, उशीर झाला. बॅटरीची गाडी ती. रात्री करंट गेला तर मी काय करणार? डिझेलची होती तोवर शाळांचं जेवण कधी उशिरा पोचलं होतं का, तूच सांग.

सुंदरी: निघताना काटा किती होता?

तुकोजी: अर्ध्याच्या खाली. वाटलं, सहाही शाळा होतील. पाच झाल्या. तिरुभुवनच्या पुढं थांबली ती थांबलीच. कुणाकुणाला हात केले मी, शेवटी एका चहावाल्यानं वायर दिली.

सुंदरी: मी सातला डबे भरून दिले. अकराच्या आत ते मुलांच्या ताटात जायला हवेत. सांबारभात तो, ओला नारळ वाटून घातलेला. बंद डब्यात, चैत्राच्या उन्हात. तू पोचलास दुपारी एक वाजता. मला एक फोन करायला काय झालं होतं?

तुकोजी: फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, वाढू नको, ओतून टाक. आडुतुरैच्या बाजारातून आणलेली भाजी, पहाटे तीनपासून तुम्ही आठ बायका राबलेल्या, ते ओतायचं? आणि मुलं ताटं पुढ्यात घेऊन बसली होती गं. टाळ्या वाजवल्या त्यांनी मला बघून.

सुंदरी: एकतीस मुलं आजारी पडली. एक पोर गेली.

तुकोजी: ठाऊक आहे मला. नको बोलूस.

सुंदरी: बोलायलाच आलोय इथं. माझ्यासमोर जो कागद ठेवलाय त्यांनी, त्यात काय आहे ऐक. जेवण उशिरानं नासलं नाही. कारण वाढायच्या आधी हेडमास्तर आणि ड्रायव्हर दोघांनी चाखलं, चव चांगली होती, वहीत सह्या आहेत. म्हणजे दोष आधीचा. भांड्यात, तेलात, माझ्या हातात. त्याखाली मी सही करायची आहे. स्वयंपाकघराला टाळं, आणि मला तुरुंग.

तुकोजी: तुरुंग कसा होईल? तेवीस वर्षं रांधलंस तू मुलांसाठी. ते बघतील की.

सुंदरी: ते वही बघतील. चव कशी होती रे?

तुकोजी: कसली?

सुंदरी: तू चाखलंस ना. कशी होती?

तुकोजी: नेहमीची. चिंच जरा पुढं, आपल्या घरच्यासारखी. मला वाटलं, अक्काचा हात आहे, असंच लागणार. तमिळ लोकांना आपलं आंबट जरा जास्तच वाटतं, पण मला काय त्याचं.

सुंदरी: चिंच नव्हती त्यात.

तुकोजी: म्हणजे?

सुंदरी: त्या दिवशी चिंच आलीच नव्हती. नुसता भोपळा, डाळ आणि नारळ. सकाळी मी चाखलं तेव्हा गोडसर होतं, बायका हसल्या मला. मग तुला आंबट काय लागलं? आंबट लागलं असेल तर ते नासलं होतं, आणि ते कळूनही तू वाढलंस. नाहीतर तू चाखलंच नाहीस. दोन्हींतलं एक सांग, तुका.

तुकोजी: एकादशी होती, अक्का.

सुंदरी: तुझी?

तुकोजी: दोघांची. हेडमास्तर विजयराघव सर तर कडक, पाणीसुद्धा घेत नाहीत. एरवी एकादशीला ते मलाच म्हणतात, तुकोजी, तुम्ही बघा. मी बघतो आणि दोघं सह्या करतो. पण यंदा दिव्यश्रीला नववा महिना लागलाय, पहिलटकरीण ती, मी बाप होणार, म्हणून मीही धरली एकादशी. तुला बोललो नाही, तू हसशील म्हणून. आता त्यांना कुठं सांगू, माझाही उपास आहे? मुलं ओरडत होती. पळी ओठापर्यंत नेली, मान हलवली. बरं आहे म्हटलं.

सुंदरी: वास आला नाही?

तुकोजी: आला. थोडासा. मला वाटलं, बंद डबा आहे, उघडल्यावर येतोच.

सुंदरी: आठ दिवस झाले. आठ दिवस तू माझ्या घरी येऊन जेवतोस.

तुकोजी: सांगणार होतो. रोज येताना ठरवून यायचो. तू ताट वाढलंस की राहून जायचं.

सुंदरी: मी गेले होते त्या पोरीच्या घरी. वाटलं, तिची आई दगड घेईल हातात. तिनं पाणी दिलं मला. एवढंच विचारलं, शाळेत आधी कुणीतरी मोठं माणूस चाखतं म्हणतात, ते खरं का? मी म्हटलं, खरं, माझा भाऊ चाखतो. छाती काढून सांगितलं मी तिला.

तुकोजी: मी सांगतो. आत जाऊन सगळं सांगतो, सरांचंही. वंडी गेली तर जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. फक्त त्या आईला सांगू नकोस, अक्का. तेवढं एक माझ्यासाठी कर.

सुंदरी: आत मी सांगेन. तू मागाहून येऊन हो म्हण. तिला मात्र तूच सांगायचंस, आणि आधी तिला.

तुकोजी: तिला कुठं गाठू आता?

सुंदरी: ती काय, त्या टोकाच्या बाकावर. सकाळपासून बसली आहे. आपण काय बोलतोय ते कळत नाही तिला. जा, तमिळमध्ये सांग.