साहेबांच्या डब्यामागचं पाकीट

आदरणीय अध्यक्षसाहेब, मंचावरील मान्यवर पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत नाकाला प्राणवायूची नळी लावून बसलेली माझी थोरली बहीण, सर्वांना सविनय नमस्कार.

आताच अध्यक्षसाहेबांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. ‘बाईंनी एकतीस वर्षांत एकदाही वर तोंड करून उत्तर दिलं नाही,’ म्हणाले. खरं आहे. पण निवृत्तीचं पत्र दुपारीच हातात पडलंय, तेव्हा आता मला मेमो कोण देणार? म्हणून आज थोडी मोकळीक घेते.

माझं काम साधं. गच्चीवरच्या यंत्रात पांढरा गोल कागद ठेवायचा. यंत्र दिवसभर त्यातून शहराची हवा ओढतं. दुसऱ्या दिवशी कागद काढून त्याचं वजन करायचं. जितकं वजन वाढलं, तितकी धूळ आणि धूर. हेच अध्यक्षसाहेब आमच्या प्रयोगशाळेत साहेब म्हणून नवे आले तेव्हा म्हणाले होते, “कागद बदलायला एवढी शिकलेली माणसं कशाला लागतात हो?” मी हसले होते. मनात ठेवायची खोड मला लहानपणापासूनची, ताईला विचारा.

सहा वर्षांपूर्वी सातशे किलोमीटरवर जंगलं पेटली, आठवतं? चौथ्या दिवशी इथलं आभाळ मातकट झालं. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. यंत्रातला कागद काढला तर किटलीचं बूड पुसलेल्या फडक्यासारखा! वाढलेलं वजन रोजच्या पाचपट. मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब म्हणाले, “वणवा कुठे, आपण कुठे! धुराला काय पाय असतात?”

पाय नसतात, साहेब. त्याला वारा पुरतो, आणि वारा आपल्याच दिशेने होता. हे तुम्हाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी शहराची धावण्याची मोठी शर्यत होती आणि उद्घाटनाच्या मंचावर तुमची खुर्ची होती. तुम्ही त्या कागदाच्या पाकिटावर लिहिलंत, ‘यंत्रात बिघाड, नमुना रद्द’, खाली झोकात सही केलीत आणि चौकातल्या फलकावर मागच्या आठवड्याचा आकडा लावायला सांगितलंत. हवा समाधानकारक. तो आकडा मीच लावला. ते मी नाकारत नाही.

ताई तेव्हा शाळेत खेळाची शिक्षिका. संध्याकाळी तिचा फोन आला. “अगं, डोळे चुरचुरतायत, माझा दमाही उसळलाय. उद्या पोरींना पळायला नेऊ का?” साहेब समोरच बसले होते. मी म्हटलं, “फलकावर तर समाधानकारक आहे.”

तिने चाळीस पोरी नेल्या. अर्ध्या वाटेत त्यांना खोकल्याची उबळ यायला लागली. एकेकीला रस्त्याकडेला आणून बसवत ही पुढेमागे पळत राहिली. पोरी चार दिवसांत बऱ्या झाल्या. ताई झाली नाही. एके काळी हिची हाक मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायची. आज या सभागृहाच्या सात पायऱ्या चढताना ती दोनदा बसली.

माइक बंद करू नका हो, दोनच मिनिटं.

साहेब, तुम्ही म्हणाला होतात, “तो कागद फेकून द्या.” इतक्या वर्षांत तुमचं एवढं एकच मी ऐकलं नाही. प्रयोगशाळेच्या नमुने ठेवायच्या फ्रीजमध्ये जेवणाचे डबे ठेवू नयेत, असा नियम आहे. तो तुमच्यासकट सगळ्यांनी मोडला, त्याबद्दल मनापासून आभार. सहा वर्षं ते पाकीट तुमच्याच डब्याच्या मागे होतं. तुमचा हात कधी डब्याच्या पलीकडे गेला नाही.

पाकिटासोबत आणखी एक कागद ठेवला होता. त्याच दिवशी सकाळचा तपासणी तक्ता. ‘यंत्र सुस्थितीत.’ खाली तुमचीच सही! सकाळी सुस्थितीत, संध्याकाळी बिघाड, आणि मधे दुरुस्तीवाल्याला साधा फोनही नाही. न वाचता सही करायच्या तुमच्या सवयीचे आम्ही सारे ऋणी आहोत. काळ्या कागदाचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. लाकूड जळल्याशिवाय जे तयारच होत नाही, ते रसायन त्यात खच्चून भरलेलं निघालं. बाकी सगळं मागच्या महिन्यात चौकशी समितीकडे दिलं. पोच माझ्याकडे आहे.

परवा तुम्ही नव्या हवा मंडळाचे प्रमुख होणार, म्हणून मघाशी टाळ्या झाल्या. ती नेमणूक स्थगित केल्याचं पत्र दुपारी आलंय. तुमच्या टेबलावर आहे. या वेळी मात्र सही करण्याआधी वाचा.

भिंतीवरच्या घड्याळाच्या भेटीबद्दल सहकाऱ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर सभागृहाने उदार मनाने पोटात घालावं. साहेबांची माफी मी मागत नाही. ताईची मागायला हवी होती, सहा वर्षं धीर झाला नाही.

ताई, तू फोनवर विचारलं होतंस. माझं उत्तर द्यायचं राहिलंय.

नको नेऊस गं पोरींना. हवा वाईट आहे.