गाडी म्हणे!

डॉटकॉम कंपन्या बुडून नोकरी गेल्यावर मिशिगनमध्ये आम्ही मोबाइल होम, म्हणजे चाकांवरचं स्वस्त घर, घेतलं ना, तेव्हाची गंमत ऐका. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून दाराशी लाकडी रॅम्प बांधला. लगेच गावचा बांधकाम इन्स्पेक्टर हजर.

"रॅम्प काढा. आमच्या नियमात हे घर नाही, गाडी आहे. गाडीला बांधकाम जोडता येत नाही."

म्हटलं, "अहो, वास्तुशांत केलीय इथे!" त्याला काय कळणार, कप्पाळ!

पुन्हा आला तो नेमका दसऱ्याला. दाराला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ.

"हे काय?"

"आज आम्ही गाड्यांची पूजा करतो. तुम्हीच गाडी म्हणालात."

तो भडकला. "आणि गवत का नाही कापलं? घरापुढचं गवत कापावंच लागतं!"

सासूबाई रॅम्पवर खुर्ची टाकून बसल्या. मला म्हणाल्या, "त्याला सांग, घर म्हण नाहीतर गाडी म्हण, मी इथून उठणार नाही."