घंटेतला मोजा

डेल्फा : अहो रॉस्को, उठा हो! दोन झाडांना ताणलेली दोरी तशीच आहे, दोरीला मोरखी लटकतेय, आणि मोरखीत घोडी नाही!

रॉस्को : थांबा, कानातलं यंत्र घालू द्या. हं. आता बोला, पण ओरडू नका बाई. ओरडलं की जनावर आणखी लांब जातं. मोरखी किती सैल ठेवली होती?

डेल्फा : काचू नये म्हणून जराशी.

रॉस्को : जराशी म्हणजे?

डेल्फा : पट्टा दोन भोकं सैल.

रॉस्को : मग काय, मान खाली घालून निघाली बाहेर. आणि माझी दोन्ही खेचरं कुठायत?

डेल्फा : ती तर मोकळीच चरत होती ना?

रॉस्को : मोकळी म्हणायची, एवढंच. माझी म्हातारी घोडी मेबल खुंट्याला, तिच्या गळ्यात घंटा, आणि खेचरं त्या आवाजाच्या आसपास. अठरा वर्षांत ती घंटा सोडून लांब गेली नाहीत. काल काय झालं कोण जाणे.

डेल्फा : दुपारी केल्सी येतेय हो. माझी लेक. घोडी तिची. चार वर्षांनी माझ्याशी धड बोलली. म्हणाली, आई, तू आदल्या दिवशी घोडी घेऊन डोंगरात पुढे जा, मुक्कामाला जागा धर. इथे नळ नाही, संडास नाही, फोनला रेंज नाही. तीच तर मजा, म्हणे!

रॉस्को : चार वर्षं का बोलत नव्हती?

डेल्फा : तिचा पहिला घोडा मी विकला. ती कॉलेजला गेलेली, मागे त्याचं करणार कोण? विकला, आणि तिला कळवलं नाही. सुट्टीत आली ती गाजरं घेऊन तडक तबेल्यात. आता कुठल्या तोंडाने सांगू, पहिला विकला आणि दुसरी हरवली?

रॉस्को : रडू नका. एकटं घोडं रानात राहत नाही, गेली असेल खेचरांच्या मागे. आणि खेचरं घंटेच्या मागे येतात. मेबलला कुरणातून फिरवू. चल ग म्हातारे. अरे? ही वाजत का नाही?

डेल्फा : रॉस्को…

रॉस्को : हे काय कोंबलंय आत? लाल मोजा! विणलाय मात्र झकास.

डेल्फा : माझाय. संध्याकाळपासून टणटण ऐकून डोकं उठलं होतं. तुम्ही ओढ्यावर पाण्याला गेलात तेव्हा कोंबला. तुम्ही उठायच्या आत काढणार होते. देवाशप्पथ, खेचरांचं मला माहीत नव्हतं. घाला शिव्या.

रॉस्को : घालतो, जेवणानंतर. आधी जनावरं. धरा ही दोरी, आणि सावकाश चाला.

(घंटा वाजत राहते. बराच वेळ. मग ओढ्यापलीकडची झुडपं हलतात.)

डेल्फा : एक खेचर. दोन! आणि… कपाळावर पांढरा टिळा! तीच आहे! अहो, तीच आहे!

रॉस्को : उभ्या राहा जागच्या जागी. येऊ द्या तिची तिला. हां, आता घाला मोरखी. आणि या वेळी भोकं मोजा.

डेल्फा : कसे उपकार फेडू तुमचे? खरंच सांगते, जन्मात इतके मनापासून आभार मानले नसतील मी कुणाचे.

रॉस्को : मेबलचे माना. मी नुसता सोबत चाललो. बावीस वर्षांची झालीये. पोरं म्हणतात, हिला कशाला डोंगरात नेता आता? आज सांगतो त्यांना, कशाला ते.

डेल्फा : मेबल, सोनुली ग माझी! घे, सगळी सफरचंदं तुझी. आणि रॉस्को, तुम्हाला इथली हकलबेरीची रानफळं घालून पॅनकेक. आणि हिवाळ्याच्या आत नवीन मोज्यांचा जोड.

रॉस्को : चालेल. आणि लेकीला काही सांगायची गरज नाही. घोडी जागेवर आहे, अंगावर ओरखडा नाही. मी तोंड उघडणार नाही.

डेल्फा : खरंच?

रॉस्को : मेबलही नाही उघडणार.

डेल्फा : किती चांगले आहात हो. पण… ती विकण्यावरून नव्हती रुसली. म्हणाली होती, सांगितलं असतंस तर निरोप घ्यायला तरी आले असते.

रॉस्को : मग तुम्ही ठरवा. बरं, रात्री घंटा काढून ठेवू का? खेचरं बांधून घालतो.

डेल्फा : खबरदार! वाजू दे ती रात्रभर.

रॉस्को : धूळ उडतेय बघा खालच्या रस्त्यावर. गाडी येतेय कुणाची तरी.

केल्सी : आई! काय झकास जागा धरलीस ग! अय्या, आणि हिच्या शेपटीत एवढे काटे कुठले?

डेल्फा : बस अशी इथे. सांगते.

केल्सी : अगं, आधी कॉफी तरी दे.

डेल्फा : नाही. आधी सांगते.